बिनडोळ्यांचा मुखवटा

हमरापूरच्या फाट्यावर सुजयची बाईक पंक्चर झाली, म्हणून तो मनालीच्या काकांच्या कारखान्यात सावलीला शिरला. एरवी रोह्याचा हा पोरगा गणपतीच्या कारखान्यात कशाला फिरकतोय!

मनाली मूर्तीचे डोळे आखत होती. मान वर न करताच म्हणाली, "बुकिंग?"

"नाही... म्हणजे — माणसाचा चेहरा मिळेल? बिनडोळ्यांचा?"

आता मात्र तिने वर पाहिलं. दिसायला बरा होता, पण डोक्याचं काही खरं नव्हतं.

सुजय कंपनीत शिफ्ट करायचा आणि उरलेल्या वेळात प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये गायचा. त्यांचा पहिला अल्बम येत होता. आठ गाणी, गोष्ट एकच : गाव सोडलेल्या माणसाला सगळे गेटपासच्या नंबरानेच ओळखतात, आणि शेवटी आरशात त्याला स्वतःचीही ओळख पटत नाही. कव्हरवर त्याचा कोरा चेहरा हवा होता.

"कोणच ओळखत नाय त्याला?"

"कोणीच नाही."

"अवघड हाय," मनाली म्हणाली.

साचा सुजयच्याच चेहऱ्याचा घ्यायचं ठरलं. तिने त्याच्या गालांना व्हॅसलिन चोळलं.

"डोळे मिटा."

"मिटले, तर तुम्ही कशा दिसाल?"

"गप बसा, प्लास्टर तोंडात जाईल!" तिचे कान मात्र तापले.

प्लास्टर सुकायला असा कितीसा वेळ लागतो? पण सुजय 'सुकलं का' विचारायला येत राहिला आणि मनालीही 'अजून जरा ओलं हाय' सांगत राहिली.

शेवटी फोटोचा दिवस उजाडला. सुजय मुखवटा न्यायला आला, तर मुखवटा त्याच्याकडे टकामका बघतोय.

"अहो, कोरा सांगितला होता ना?"

"समोर चेहरा आला की हात थांबत नाय..."

"मग पुसून टाका. पेणला फोटोवाला खोळंबलाय."

"आखलेले डोळे आमच्यात पुसत नाय."

बोलून गेली खरी, पण आता हा चिडून गेला, तर पुन्हा यायला त्याला निमित्त उरणार नव्हतं.

सुजयने मुखवटा उजेडात धरला. "हे गणपतीचे डोळे नाहीत."

"नाय."

"मग कोणाचे?"

"तुमचे. हसताना डावा जरा बारीक होतो..."

"साच्यात तर मिटलेले होते!"

"आठवून काढले. आवडलात तुम्ही मला. झालं! आता न्यायचा तर न्या, नायतर ठेवून जा."

सुजयने मुखवटा जपून काखेत घेतला. मग त्याने ड्रमवाल्या निकेशला फोन लावला.

"कव्हर झालं रे. पण शेवटचं गाणं बदलावं लागेल."

"आता? का?"

सुजय मनालीकडे बघत म्हणाला, "त्याला ओळखणारी भेटली."