वायर जोडलेली नव्हती

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. माझ्या घरात घडलं, माझ्या मुलीसोबत घडलं, आणि तेही भर दुपारी, आमच्या माडीवरच्या छोट्या खोलीत.

त्या खोलीत माझ्या बायकोचा रेडिओ आहे. गाण्यांचा नाही, हॅम रेडिओ. लायसन्स काढून लोक घरबसल्या जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलतात, तो. बायको तोंडाने फारशी बोलायची नाही. मोर्सने, म्हणजे तारेच्या ठोक्यांच्या भाषेत, मात्र तासन् तास बोलायची. ठोके पाठवायच्या पितळी खटक्यावर, 'की'वर, तिचं बोट... टक, टऽऽक. मी खाली भाजी चिरताना ऐकायचो.

मागच्या वर्षी ती गेली. आजार कळला आणि गेलीच.

हॅम लोक आपल्यातलं माणूस गेलं की 'वारलं' म्हणत नाहीत. 'की शांत झाली' म्हणतात.

चिऊ, आमची मुलगी, बारा वर्षांची. आई गेल्यावर तिने शाळेत तोंड उघडणंच बंद केलं. शेवटी मी तिला घरी शिकवायला लागलो. तिचा जीव एकाच गोष्टीत रमायचा, आईच्या रेडिओत. मग मी सगळा अभ्यासच रेडिओला बांधला. ज्या देशाचा आवाज आला तो नकाशात शोधायचा. गणित अँटेनाच्या लांबीचं. सेट दुरुस्त करणारे रेडिओकाका बायकोच्या ओळखीचे, त्यांनी परीक्षेची तयारी करून घेतली. चिऊला लायसन्स मिळालं. मीही तिच्यासोबत मोर्स शिकलो, पण माझा हात म्हणजे दात पडलेल्या माणसाचं बोलणं.

"शिकून ही काय तार ऑफिसात लागणार आहे?" माझी बहीण म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो.

मग चिऊला रेडिओवर मैत्रीण मिळाली. रोज दुपारी हेडफोन लावून बसायची.

"कोण गं?"

"एक बाई आहेत. माझ्यासाठी हळू पाठवतात."

ही त्या लोकांची रीतच आहे. समोरचा नवखा असेल तर मुरलेला माणूस आपला वेग त्याच्याइतका कमी करतो.

"कॉलसाइन काय त्यांचा?"

"देत नाहीत."

हे मात्र नियमात बसत नाही. कॉलसाइन म्हणजे लायसन्ससोबत मिळालेलं रेडिओवरचं नाव, ते न देता कुणी बोलत नसतं.

पण मी गप्प बसलो. कारण चिऊ हसत होती... आई गेल्यापासून पहिल्यांदा.

हळूहळू ती त्या खोलीतून उठेनाशी झाली. जेवण ताटात तसंच. काकांच्या हॅम क्लबला जाणं बंद. गालफडं बसली. "बाई वाट बघत असतात," एवढंच म्हणायची.

एका दुपारी मी वर केर काढत होतो. चिऊ पाठमोरी बसून टकटक करत होती. टेबलामागे झाडू घातला आणि...

काहीतरी अडकलं.

अँटेनाची वायर.

जमिनीवर पडलेली.

मीच काढली होती. विजा चमकायला लागल्या की सेटमागची वायर उपसून ठेवायची, हा बायकोने घालून दिलेला नियम. मी उपसली आणि परत जोडायची साफ विसरलो. तिच्या टोकावर धूळ बसली होती.

आणि चिऊ बोलत होती...

मी खाली येऊन काकांना फोन लावला. "वायर न जोडता कुणाशी बोलता येतं का हो?"

"भिंतीशी येतं," काका हसले. "अहो, रोज तसं पाठवलंत तर सेट जळून जाईल." मग म्हणाले, "का हो? काय झालं?"

मी फोन ठेवला.

वर गेलो. हेडफोनची पिन काढली. आवाज खोलीत आला.

टक... टक... टऽऽक.

अक्षरं मला लागली नाहीत. लागायची गरजही नव्हती. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, हस्ताक्षरासारखा. शेवटचा ठोका असा लांबवणारी एकच बाई मला माहीत होती.



"चिऊ... ही तर..."

"मला माहीत आहे, बाबा. पहिल्या दिवसापासून."

"आणि वायर?"

"तेपण." तिचे डोळे भरले. "सांगितलं असतं तर तू जोडली असतीस."

मी कीवर बोट ठेवलं. मोडक्यातोडक्या हाताने एवढंच पाठवलं... तू आहेस?

नुसती खरखर.

मग उत्तर आलं. अगदी हळू. माझ्यासारख्यालाही लागावं इतकं हळू.

"वायर जोड."

खरं सांगतो, मला जोडायची नव्हती. मला तिच्याशी बोलायचं होतं. किती काय सांगायचं राहिलं होतं.

"बाबा, नको ना." चिऊने माझा हात धरला. तिचं मनगट काडीसारखं झालं होतं.

पुन्हा तेच आलं. "वायर जोड."

मी जोडली.

एकदम सगळं जग खोलीत घुसलं. शिट्ट्या, ठोके, कुणीतरी कुणाला तरी बोलावत होतं. त्या गर्दीत तिचा हात नव्हता. चिऊ माझ्या मांडीत डोकं खुपसून रडली, आणि मीही रडलो.

आता चिऊ क्लबला जाते. पोटभर जेवते, माझ्याशी भांडते. कुठल्याशा बेटावरच्या एका आजीबाईंशी तिची गट्टी जमली आहे. त्या कॉलसाइन देतात.

पण ती बाहेर गेली की मी वर जातो. वायर काढतो. बसून राहतो.

काहीही येत नाही.

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

परवा चिऊ चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, आई तुला उत्तर देणार नाही."

"म्हणजे?"

"वायर जोडायच्या आधीच तिने मला सांगून ठेवलंय. बाबा वायर काढून बसायला लागला की त्याला सांग, मी ऐकते. पण एकदा बोलले तर तो तिथून उठणार नाही. आणि मग तुला कोण बघणार?"

दार ओढून ती निघून गेली.

मी वायर काढून बसतो हे चिऊला कुणी सांगितलं... ते विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.