दुसऱ्या सीझनची वाट

"अहो... तो ते पत्र उघडणार आहे का?"

खांद्यामागून आलेल्या आवाजानं तनया दचकली. जयपूरच्या मेट्रोत कुणी मराठीत बोलेल, अशी तिला अपेक्षाच नव्हती. तिच्या फोनवर 'लौटती डाक'च्या पहिल्या सीझनचा शेवटचा भाग चालू होता. डोंगरातल्या पोस्ट ऑफिसातला पोस्टमास्तर हातात पत्र घेऊन बसला होता. आणि मागे उभा असलेला एक उंच, सावळा तरुण मान लांब करून तिच्याच फोनमध्ये बघत होता.

"तुम्ही कधीपासून बघताय?"

"रेल्वे स्टेशनपासून," त्यानं निमूटपणे कबूल केलं. "माझ्या फोनची बॅटरी नेमकी याच भागात गेली हो. आणि तुम्ही आत्ताच आईशी फोनवर मराठीत बोललात, म्हणून धीर केला."

रागवायला हवं होतं. पण त्याचा चेहरा असा काही पडला होता, की तिला हसूच आलं. तिनं एका कानातला इअरबड काढून त्याच्या हातावर ठेवला.

रामनगर स्टेशन आलं आणि गेलं.

"तुम्हाला कुठे उतरायचंय?" तिनं विचारलं.

"सोडाल्याला राहतो मी. रामनगरला उतरायचं होतं."

"ते तर मागे गेलं... मतलब, आता?"

"जाऊ दे. स्टेशन काय, उद्याही तिथंच असेल. हा पोस्टमास्तर कुठं थांबणार?"

मानसरोवर आलं. गाडी रिकामी झाली तरी दोघं बसलेलीच. शेवटी गार्डनं हटकलं, तेव्हा फलाटावरच्या बाकावर बसून त्यांनी उरलेली चार मिनिटं पाहिली. पोस्टमास्तरानं पाकीट फोडलं आणि... पडदा काळा!

"शी!" दोघं एकदमच म्हणाली.

"दुसरा सीझन पुढच्या वर्षी येणार म्हणे," ती म्हणाली.

"एक वर्ष?" त्यानं कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाला, "मग तोवर... चहा घ्यायचा का?"

अभिनव मूळचा कराडचा, सरकारी बँकेत अधिकारी. तनया सांगानेरच्या एका कारखान्यात कापडावरच्या छापांचे नमुने काढायची. पत्रात काय असेल, यावर एका चहात एकमत होणं शक्यच नव्हतं. त्यामुळे पुढच्या शनिवारी दुसरा चहा झाला, त्याच्या पुढच्या शनिवारी मिरचीवडा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तो तिच्या 'मतलब'ची नक्कल करायचा. ती त्याच्या कराडी हेलाची. बोलणं मात्र सगळं पोस्टमास्तराचं! पोस्टमास्तराला ती पत्र लिहिणारी आवडते की नाही, त्यानं सांगायला हवं होतं की नाही... आणि बोलता बोलता नजरानजर झाली, की दोघंही घाईघाईनं कपात बघायची.

असं वर्ष सरलं, वर चार महिने गेले. सीझन आला नाही. अभिनवच्या बदलीची ऑर्डर मात्र आली. तेजपूर, आसाम.

आता इथे तनयाच्या घरची रीत सांगायला हवी. तिचे बाबा, उमाकांत, विमा कंपनीत होते. तेही बदली होऊनच जयपूरला आले आणि इथेच निवृत्त झाले. मराठी मंडळात येणारी निम्मी कुटुंबं बदलीवाली. तीन वर्षं सत्यनारायण, हळदीकुंकू, मुलांची गट्टी. मग एक दिवस दारात ट्रक. तनयाच्या तीन जिवलग मैत्रिणी अशाच गेल्या. आई, रमाबाई, पहिल्यापासून बजावत आलेली, "बदलीवाल्यांना 'परत कधी येणार' असं विचारू नये गं. त्यांच्या हातात का असतं ते? हसून निरोप द्यावा."

तनयानंही हसून निरोप दिला. अभिनवकडे सामान ते काय, दोन बॅगा आणि एक कूलर. कूलर त्यानं रमाबाईंना देऊन टाकला.

"दुसरा सीझन आला, की एकत्रच बघायचा," निघताना तो म्हणाला. "एकट्यानं नाही. शपथ?"

"शपथ," ती म्हणाली. 'जाऊ नकोस' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. तिनं ते गिळले.

मग सुरू झालं ते वाट पाहणं. मे महिन्यात लूचा भाजणारा वारा सुटायचा, दारं-खिडक्या बंद करून तिचं अख्खं मानसरोवर झोपायचं. ही मात्र फोनवर बातम्या धुंडाळत बसायची. शूटिंग सुरू झालं. नटाचा पाय मोडला. शूटिंग थांबलं. पुन्हा सुरू झालं... आठवड्यातून एकदा तिचा मेसेज जायचा, "काही कळलं?" त्याचा यायचा, "अजून नाही." त्या दोन शब्दांवर ती आठवडा काढायची. जगात कुणी पोस्टमास्तराची एवढी वाट पाहिली नसेल. पोस्टमास्तराची कसली म्हणा!

दीड वर्षानं, डिसेंबरात, सीझन आला. त्याच सुमारास पुण्याचं एक स्थळही आलं. कौस्तुभ नावाचा इंजिनिअर. संक्रांतीनंतर तो बघायला येणार होता. "नाही म्हणायला काही कारण आहे का?" आईनं सरळ विचारलं. तनयाला सांगता येईना. 'एका मालिकेसाठी थांबलेय' असं कोण सांगणार?

तिनं मेसेज केला, "आला!!"

तासाभरानं उत्तर आलं. "बातमी बघितली. डिसेंबर आहे गं, बँकेत रजा मिळत नाही. तू बघून टाक."

तू बघून टाक! अठरा महिने जपलेली शपथ त्यानं तीन शब्दांत सोडवून टाकली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नाकावर राग. तिनं लिहिलं, "बघितला पण. छान आहे."

धडधडीत खोटं. पलीकडून फक्त, "अच्छा." आणि मग पंधरा दिवस काहीच नाही.

कारखान्यात तर जो तो तोच विषय. कुणी पोस्टमास्तराचं नाव काढलं, की तनया कानावर हात ठेवून कापडं वाळत घातलेल्या अंगणात पळायची. देवराम, तिथले कापड छापणारे जुने छिपी, लाकडी ठसा रंगात बुडवता बुडवता हे रोज पाहत होते. एका दुपारी त्यांनी विचारलंच.

"बाईसा, सब ने देख लिया. आप क्यूँ नहीं देखतीं?"

"किसी के साथ देखना था, काका. वो आया नहीं."

"आपने बुलाया था?"

तनया आठवू लागली. सीझन आला, असं तिनं कळवलं होतं. शनिवार, चहा, पत्रं, पोस्टमास्तर — सगळ्यांवर ती बोलली होती. 'ये' एवढं एकच ती कधी म्हणाली नव्हती.

"नहीं," ती म्हणाली.

"तो आएगा कैसे?" म्हणून देवरामनी ठसा कापडावर ठेवला आणि त्यावर मूठ आपटली.

ती अंगणात गेली. दोन्ही हात निळीनं माखलेले. तसाच फोन लावला.

"अभिनव, मी खोटं बोलले. मी नाही बघितला."

पलीकडून हळूच आलं, "मीही नाही."

"मग 'तू बघून टाक' का म्हणालास?"

"भीती वाटली गं," तो म्हणाला. "दर आठवड्याला तुझा मेसेज यायचा, तो सीझनसाठी. तो बघून झाला, की मग... मग तू कशासाठी आठवण काढणार होतीस माझी? रजा मागितली असती तर मिळालीही असती. मी मागितलीच नाही."

वेडा! अठरा महिने दोघंही एकाच दाराच्या दोन बाजूंना उभी होती, आणि कडी कुणालाच काढवत नव्हती. तनयाला रडू आलं, हसूही आलं.

"अभिनव, संक्रांतीनंतर एक जण मला बघायला येणार आहे. त्याच्या आधी ये. त्या सीझनसाठी नको येऊस. मला तू हवा आहेस... फार. दीड वर्ष रोज हवा होतास."

"रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं," तो कसाबसा म्हणाला.

"घरगुती काम, असं लिही."

"जयपूरला माझं घर कुठंय?"

"मी आहे ना," तनया म्हणाली.

तिला पलीकडून टेबलाचा खण ओढल्याचा आवाज आला, कागदांची सळसळ आली, आणि अभिनव म्हणाला, "थांब, फोन ठेवू नकोस... लिहितोय."