मांज्याच्या आभाळात

हेमराजची आणि माझी पहिली गाठ पडली ती आभाळात... आणि तेही खोट्या.

सुरतेतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये संगणकातली एक सुरत होती. इमारती, झाडं, विजेचे खांब, वारा, सगळं असलेली. ज्यानं त्यानं आपलं ड्रोन आधी तिथं उडवून पाहायचं; पडलं तरी खरं काही मोडत नसे. त्या दुपारी मी माझं ड्रोन एका पिंपळाकडे अलगद नेत होते. तेवढ्यात डावीकडून एक निळं ड्रोन सुसाट आलं आणि माझ्यावर आदळलं. दोन्ही गरगरत खाली.

"आ कोनुं ड्रोन छे?" मी गुजरातीत, जरा चढ्या आवाजातच विचारलं.

समोरच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, "माय वं... पडनं का."

अहिराणी. आम्ही मूळचे परभणीकडचे, पण इथल्या लिंबायत भागातली आमची गल्ली सगळी खानदेशी. ही बोली माझ्या कानात लहानपणापासून आहे. मी उठून मॉनिटरवरून डोकावले. उंच, सावळा, कानांपर्यंत ओशाळलेला एक मुलगा.

"पाडलंस तूच, आणि वर विचारतोस पडलं का?"

मराठी ऐकून त्यानं मान वर केली... आणि ती खाली घ्यायला विसरला.

"नीटच उडवत होतो. तूच मध्ये थांबली होतीस."

"मला झाडाजवळ थांबायचंच असतं."

"का? झाडाजवळ काय आहे?"

हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मग मी सांगितलं. संक्रांतीला, म्हणजे इथल्या उत्तरायणाला, सगळी सुरत पतंग घेऊन गच्चीवर असते. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पिंपळात एक घार मांज्यात अडकली. बंबवाले आले, पण शिडीची गाडी गल्लीत शिरेना. घार संध्याकाळपर्यंत फडफडत राहिली. मग थांबली. मला असं ड्रोन करायचं होतं, जे मांजा कापून पक्ष्याला मोकळं करील.

"मांजा पंख्यात गुंतेल," तो म्हणाला.

"तोच तर प्रश्न आहे."

त्यानं खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली. "पण तुझ्या आभाळात मांजाच नाही. आधी तो आणू."

आणि त्यानं आणला. बारीक बारीक तुकडे एकमेकांना जोडून संगणकात दोरा तयार केला, वाऱ्यावर डुलणारा. मी खऱ्या मांज्याला वजनं टांगून तो केव्हा तुटतो ते मोजून द्यायचे. तो ते आकडे आत भरायचा. दिवाळी गेली, थंडी आली, आणि आमचं ड्रोन रोज पडत राहिलं. दोरा नुसता जवळ आला की पंखा त्याला ओढून घ्यायचा.

एकदा कंटाळून आम्ही तापीकाठी पोंक खायला गेलो. पोंक म्हणजे आपला हुरडा. इथं तो लिंबाच्या शेवेबरोबर देतात.

"तू बोलताना फार सांडतेस," हेमराज म्हणाला.

"तू कशाला बघतोस?"

"वेचायला."

मी नदीकडे तोंड फिरवलं. वारा गार होता, गाल मात्र...

डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या गाइडसरांनी आम्हाला बोलावलं. "दोऱ्याचं गणित सुटणारं नाही. हेमराज, फवारणीच्या ड्रोनच्या गटात एक जागा आहे. त्यांचं मॉडेल जवळजवळ तयार आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"जा," मी म्हणाले. "मी अडवणार नाही. पण मी हे सोडणारही नाही."

तो गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी रोज लॅबमध्ये बसत होते. तशीच बसलेली असताना एकदा सुचलं, ड्रोननं दोऱ्यापाशी जायचंच कशाला? पुढे लांब हलकी काठी द्यावी, तिच्या टोकाला पातं. पंखे लांबच राहतील. नाक खाली झुकायला लागलं, म्हणून मी बॅटरी मागे सरकवली. पडद्यावर पहिल्यांदाच ड्रोन पडलं नाही. फक्त काठीचं टोक वाऱ्यात थरथरत होतं. पातं दोऱ्यावर ठरेना.

शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"टोक हलतंय," हेमराज म्हणाला.

"दिसतंय मला. फवारणीचं काय झालं?"

"सरांना सांगून आलो... तिथं आभाळात मला कुणी धडकत नाही."

मी पडद्यावरची नजर हलवली नाही. हलवली असती तर त्याला सगळंच कळलं असतं. "मग काठीचं बघ."

त्यानं काठीला दोन्ही बाजूंनी तिरके आधार दिले. टोक शांत झालं. पातं टेकलं, दोरा तुटला. त्यानं माझा हात घट्ट धरला, आणि चटका बसल्यासारखा सोडला.

"सॉरी."

"कशाबद्दल?" मी विचारलं.

मग आम्ही तसंच खरं ड्रोन बांधलं. उत्तरायणाला पक्षी वाचवणाऱ्या एका मंडळानं आमच्या ड्रोनसाठी परवानगी काढली होती. इथं पतंग दोन दिवस चालतात; पहिला दिवस फोनविनाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो आमच्याच भागातून. बदामाच्या झाडात एक बगळा उलटा लटकत होता. आम्ही समोरच्या गच्चीवर; रिमोट माझ्या हातात, दुर्बीण हेमराजच्या. खाली माझी आई कलाबाई आणि शेजारणी आमच्याच घरची चादर ताणून उभ्या. गच्च्यांवरचे लोक पतंग उतरवून बघायला लागले.

वारा सुटला. पातं दोनदा निसटलं.

"बॅटरी उतरतेय, चैताली. परत घे."

"डावीकडे किती?"

त्यानं दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. मग त्याचा आवाज बदलला. "हातभर... अजून थोडं... हळू. आता पुढे."

दोरा तुटला. बगळा चादरीत पडला.

"जिता आहे गं," आई खालून म्हणाली.

मंडळाच्या माणसानं त्याला कापडात गुंडाळलं, पंख उघडून पाहिला. जखम भरेल म्हणाला. आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कतारगाममध्ये आणखी एक पक्षी.

आम्ही बॅटरी बदलली आणि रिक्षात बसलो. ड्रोनची पेटी दोघांच्या मांडीवर. बराच वेळ हेमराज पेटीची कडी उघडत होता, लावत होता.

"हे सगळं संपलं ना, की मला तुला काहीतरी सांगायचंय."

"संपल्यावर कशाला? कतारगाम अजून लांब आहे."

तो हसला. मग हसू मावळलं. "मला तू आवडतेस, चैताली. फार. तू... तू काय म्हणशील ते—"

"मी हो म्हणेन," मी म्हणाले. "मला वाटलं होतं, तुझ्याकडून हे ऐकायला उन्हाळा उजाडेल."

पेटीवर त्याचा हात होता. मी माझा त्यावर ठेवला. त्यानं तो धरला, आणि या वेळी सोडला नाही.

रिक्षा थांबली. वर, विजेच्या तारेपलीकडच्या कडुनिंबात काहीतरी पांढरं फडफडत होतं.

"चल," मी म्हणाले. "दुर्बीण घे."