रिकाम्या गाडीचा केक

सिडसेलच्या दोन्ही हातांत सफरचंदाचा केक होता आणि ऑफिसचं दार बंद. मागून कुणीतरी हात लांबवून दार ढकललं. भिजलेलं जाकीट, भुवयांवर पावसाचे थेंब, आणि डोळे... हसरे.

"वाढदिवस वाटतं?"

"कसला वाढदिवस! चूक केलीय. काल तिकडे जर्मनीत, बव्हेरियात सुट्टी होती, माझ्या ध्यानातच नाही. गोदामाला कुलूप! बिचारा एक ड्रायव्हर तिथून रिकामी गाडी घेऊन आला."

"तो बिचारा मीच. एस्किल. मोठा तुकडा माझा हं!"

सिडसेल कानांपर्यंत लाल झाली.

ज्याच्यामुळे गाडी रिकामी धावेल, त्यानं सगळ्यांना केक द्यायचा, हा तिच्या बाबांचा, आस्गरचा नियम. आस्गरनं डेन्मार्कमधल्या पाडबोर्गला, जर्मनीच्या सरहद्दीवर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर धंदा मांडला होता. मालाला गाडी शोधून द्यायची, गाडीला माल. आई बटाटे सोलता सोलता फोन घ्यायची. आता निम्म्या युरोपात त्यांच्या शब्दावर गाड्या धावत होत्या, तरी आस्गर प्रत्येक ड्रायव्हरला नावानं हाक मारायचा. सिडसेलला त्याचा कोण अभिमान!

एस्किलचा फोन मग रोजचाच झाला.

"आज कुठे धाडतेस?"

"व्हेरोना."

"इतक्या लांब? कंटाळलीस मला?"

"परतीचा माल देतेय ना... म्हणजे, परत येशीलच की—" तिनं जीभ चावली.

एके दिवशी बाबा म्हणाले, "स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला शाखा काढतोय. तूच सांभाळ, पोरी." तिचं जुनं स्वप्न होतं ते! तरी घास गोड लागेना. तिनं एस्किलला फोनवर सांगितलं.

"अभिनंदन," तो म्हणाला. बस्स, एवढंच. मेल्याला आणखी एक शब्द जड झाला होता का? 'जाऊ नकोस' असं तिला ऐकायचंच नव्हतं. 'आठवण येईल' म्हणाला असता, तरी पुरलं असतं.

शुक्रवारी, तिच्या इथल्या शेवटच्या दिवशी, ऑफिसचं दार उघडलं. एस्किल उभा, पावसात निथळत. हातात केक.

"हे काय?"

"चूक केलीय. व्हेरोनाहून रिकामा आलो."

सगळ्या ऑफिसनं माना वळवल्या.

"व्हेरोनाहून? माल नव्हता?"

"होता. पण त्यासाठी थांबलो असतो तर सोमवार उजाडला असता. आणि तू तर उद्याच निघालीस." आता त्याचे कान लाल झाले होते. "फोनवर जमेना, सिडसेल... मला तू फार आवडतेस. त्या पहिल्या तुकड्यापासून."

सिडसेलचे डोळे भरून आले. पण मुलगी आस्गरची!

"बाबांच्या दारातून गाडी रिकामी जात नसते," ती म्हणाली. "उद्या गोथेनबर्गचं सामान आहे. एक पलंग, एक टेबल..."

"आणि?"

"आणि मी. पुढच्या सीटवर. यापुढे गोथेनबर्गचा माल दर आठवड्याला तुलाच."

आस्गरनं घसा खाकरला, केक कापला आणि सगळ्यांत मोठा तुकडा एस्किलपुढे सरकवला.