पाच नंबरची शिट्टी

धुक्यात मुलींना हाका मारायच्या नाहीत, शिट्टी वाजवायची, असा त्या शिबिराचा जुना नियम होता. पाण्यावर हाक कुठूनही आल्यासारखी वाटते आणि मुली भलतीकडेच वळतात. शिट्टीची दिशा त्यातल्या त्यात बरी कळते. म्हणून प्रत्येक होडीला एक नंबर आणि प्रत्येक होडीत एक शिट्टी. सगळ्या होड्यांच्या शेवटी असलेल्या शिबिराच्या ताईने एक लांब शिट्टी दिली, की एक नंबरच्या होडीने एकदा वाजवायची, दोन नंबरने दोनदा, असं करत पाच नंबरने पाचदा. झाली हजेरी, चला पुढे. सहा उन्हाळे ताईने हा नियम मुलींकडून घोकून घेतला होता. त्यात काही खोट असेल असं तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

फेरी नेहमीचीच होती. तलावातल्या बेटावर तंबूत एक रात्र काढायची आणि सकाळी वल्हवत धक्क्यावर परत यायचं. सगळ्यांत पुढे मास्तर. हे शाळेतून निवृत्त झालेले व्यायामाचे शिक्षक. त्यांच्या एक नंबरच्या होडीत तंबू, भांडी आणि स्वतः मास्तर, त्यामुळे ती कायम अर्धी बुडालेली. मागे मुलींच्या चार होड्या, प्रत्येकीत दोघी दोघी. आणि शेवटी एकटीच्या चिंचोळ्या होडीत, कयाकमध्ये, ताई, कारण तिच्या मागे कोणी राहता कामा नये.

या खेपेला फरक एवढाच, की पाच नंबरात तिची सख्खी भाची होती. ताईची मोठी बहीण तिला पाठवायलाच तयार नव्हती.

"पोहता येतं म्हणून काय पाण्यात सोडायची पोरीला?"

"अगं, शेवटच्या होडीत बसवते. माझ्या डोळ्यांसमोर राहील."

"तुझ्या भरवशावर पाठवतेय हं. एकुलती एक आहे, विसरू नकोस."

भाची अकरा वर्षांची, अंगाने इतकीशी, की पहिल्याच दिवशी शिबिरात तिची 'मुंगी' झाली. ताईने तिला बजावलं होतं, इथे मी तुझी मावशी नाही, सगळ्यांसारखी ताई. मुंगीने ते फारच मनावर घेतलं आणि मावशीला 'अहो ताई' म्हणायला लागली. तिच्या जोडीला होडीत पोपट. या मुलीला पोपट का म्हणतात हे तिच्या शेजारी पाच मिनिटं बसलेल्या कोणालाही सांगावं लागत नसे.

रात्र सरळ गेली. एका तंबूत साप साप म्हणून बरीच भुई धोपटली गेली, तो बुटाचा बंद निघाला. सकाळी निघाले तेव्हा पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता. धुकं उतरलं ते अर्ध्या वाटेत, आणि इतक्या झपाट्याने, की ताईला स्वतःच्या कयाकचं टोक दिसेनासं झालं. हवेत विझलेल्या चुलीसारखा ओला वास भरला. वल्ह्यांचे आवाज मऊ पडले.

तेवढ्यात पुढे तीन नंबरात आरडाओरडा झाला. कोणाचं तरी वल्हं पाण्यात पडलं होतं.

"मुंगी, मी आलेच पाच मिनिटांत," ताई म्हणाली. "सरळ चालत राहा. शिट्टीला उत्तर द्यायचं."

"हो ताई," मुंगी म्हणाली. पोपट तेव्हाही काहीतरी बोलतच होती.

वल्हं सापडायला पाचाची दहा मिनिटं झाली. मग ताईने जागेवर थांबून लांब शिट्टी दिली. पुढून एक, मग दोन, तीन, चार. आणि मागच्या धुक्यातून पाच. जरा मागे पडल्यात, पण येतायत, असं म्हणून ताईने चार नंबरच्या मागे कयाक लावली. चार नंबरच्या दोघी नुसत्या गोल गोल फिरत होत्या, त्यांना सोडून जाववेना. धक्का येईपर्यंत तिने आणखी तीनदा हजेरी घेतली. तिन्ही वेळा मागून पाच शिट्ट्या आल्या.

धक्क्याला चार होड्या लागल्या. मास्तरांनी मुली मोजल्या, सहा भरल्या.

"पाच नंबर?"

"मागेच आहेत," ताई म्हणाली आणि शिट्टी दिली. लगेच पाच शिट्ट्या आल्या, अगदी जवळून. सगळे धुक्याकडे बघत उभे राहिले. कोणीच आलं नाही. ताईने पुन्हा वाजवली. पुन्हा पाच... तेवढ्याच अंतरावरून.

"मास्तर, या सहाजणींना वर न्या. एकीलाही पाण्याजवळ ठेवू नका," एवढं बोलून तिने कयाक पाण्यात ढकलली.

ती शिट्टी देई, उत्तर येई. उत्तराच्या दिशेने ती जीव खाऊन वल्हवी, आणि पुढचं उत्तर पुन्हा तेवढ्याच लांबून येई. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग तिला पाणी कोसळल्याचा आवाज ऐकू आला आणि वल्ह्याला ओढ लागली. तिने वल्हं उलटं मारून कयाक रोखली. समोर तलावाचा बंधारा होता. पाच शिट्ट्या बंधाऱ्याच्या पलीकडून आल्या... जिथे पाणी तीन पुरुष उंचीवरून खाली पडतं तिथून.

आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. तासभर वल्हवून दमलेलं पोर शिट्टी वाजवतं, तेव्हा चौथ्या-पाचव्या फुंकेला दम तुटतो. या पाचही फुंका सकाळपासून एकसारख्या होत्या. मधे श्वास घेतल्याची जागाच नव्हती.

बहिणीला काय तोंड दाखवू, हे एकच मनात घुमायला लागलं. तिने शिट्टी तोंडातून काढली आणि नुसती ऐकत बसली. पलीकडून पाच आल्या. थोड्या वेळाने, तिने न विचारताच, आणखी पाच आल्या. तिने उत्तर दिलं नाही.

मग डावीकडून, फार बारीक, एक आवाज आला. टक... टक. वल्हं होडीच्या कडेवर आपटल्याचा. नवशिक्यांची ही खोड मोडता मोडता तिच्या नाकी नऊ यायचे. आज तिला रडू फुटलं.

पाच नंबरची होडी लव्हाळ्यांत आत घुसून बसली होती. दोघी जागच्या जागी होत्या, लाइफ जॅकेटसकट. मुंगीने तोंडावर हात दाबून धरला होता.

"मुंगे... बरी आहेस ना?"

"हळू बोल, मावशी," मुंगी कुजबुजली. "तूच म्हणालीस ना, आवाज करू नका."

"मी? कधी?"

"मघाशी. तू आलीस, म्हणालीस शिट्टी दे, मला लागेल. आणि आम्हाला इथे आणून बसवलंस."

ताईने पोपटकडे बघितलं. पोपट खाली मान घालून बसली होती. तिच्या हातातलं वल्हं कडेला टेकलेलं होतं.

"वल्हं मीच वाजवत होते," पोपट म्हणाली. "मुंगी ओरडेल म्हणून हळू हळू... ताई, तुमच्या हातात तेव्हा वल्हं नव्हतं. तरी कयाक चालत होती."

ताईने होडीला दोर बांधला, दुसरं टोक कयाकला अडकवलं आणि बंधाऱ्याकडे पाठ करून वल्हवायला सुरुवात केली. धुकं तसंच होतं. मागे वळून बघायचा तिला धीर होईना. दोर ताणलेला आहे ना, एवढं ती पाठीला जाणवून घेत होती. थोडं अंतर गेल्यावर मागून बारीक आवाजातली बडबड ऐकू यायला लागली. पोपटला वाचा फुटली म्हणायची, असं वाटून तिला जरा हायसं झालं. बोलू देत बिचाऱ्यांना.

धक्क्यावर मास्तरांनी दोघींना उचलूनच वर घेतलं. "आठच्या आठ," ते दोनदा म्हणाले आणि तोंड पुसत पलीकडे गेले. ताईचा जीव भांड्यात पडला. तिने मुंगीला ओल्या जॅकेटसकट छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

"काय गं, वाटेत पोपटबरोबर एवढ्या कसल्या गप्पा चालल्या होत्या?"

"मी नाही बोलले," पोपट म्हणाली. ती धक्क्यावर पाण्यापासून होईल तेवढी लांब उभी होती.

"पोपटशी नाही काही," मुंगी म्हणाली. "तुझ्याशी. तूच विचारत होतीस ना, होडीला टेकून."

"मी... काय विचारत होते?"

"घर कुठे आहे आमचं. कितव्या मजल्यावर. दुपारी घरी कोण कोण असतं. मला वाटलं गंमत करतेयस, तुला तर सगळं माहीत आहे."

"आणि तू सांगितलंस?"

"हो. मग तू म्हणालीस, मी तुला न्यायला आले तर आई दार उघडेल ना?" मुंगीला त्या आठवणीनेच थोडं हसू आलं. "मी म्हटलं, असं काय विचारतेस मावशी, तू आलीस की आई लग्गेच उघडते."