मागच्या दाराची घंटा

भर दुपारी शेजारची घंटा खणाणली तेव्हा चांगुणा शिलाई मशीनवर होती. दुष्काळाचं साल. संगमनेरात चोऱ्या वाढलेल्या, म्हणून शेजारच्या आप्पासाहेबांनी मागच्या दाराला नुकतीच चोरघंटा बसवून घेतली होती. दार जरा उघडलं की दोन पितळी पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि घंटा वाजायची. चांगुणा हाताला लागलं ते मुसळ घेऊन धावली, आणि बोळात समोरून पळत येणाऱ्या माणसावर तिनं ते उगारलंच.

"मारू नका," तो हात वर करून म्हणाला. "चोर न्हाई मी. घंटा मीच बसवलीय."

हा गोरक्ष. चौकात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दाराशी चोर नव्हताच. फटीतून अंग चोरत मांजर बाहेर पडत होतं.

"मांजराला एवढं मोठं मुसळ?"

"तुमच्यासाठी आनलं हुतं," चांगुणा म्हणाली आणि आपल्याच बोलण्यानं लाजली.

मग घंटा वाजतच राहिली. कधी वाऱ्यानं दार हलायचं, कधी कडी ढिली पडायची. दरवेळी गोरक्ष यायचा, काम उरकून चांगुणाच्या ओट्यावर पाण्याला थांबायचा.

"आज काय झालं?"

"उन्हानं दाराची फळी वाकली. पट्ट्या आपोआप टेकल्या."

"म्हंजे चोर अजून आलाच न्हाई?"

"आलाय की... पानी पितोय."

तांब्या परत देताना त्याची बोटं जरा रेंगाळली. त्या दिवशी चांगुणानं एक शिवण दोनदा उसवली.

उन्हाळ्याच्या सुट्टीला आप्पासाहेबांची लेक लंका पुण्याहून आली, आणि सगळं बदललं. गोरक्षला आता तिथंच लिंबाचं सरबत मिळू लागलं, काचेच्या ग्लासात. ओट्यावरचं त्याचं थांबणं बंद झालं. भिंतीपलीकडून लंकाचं हसू आलं की चांगुणाचा दोरा तुटायचा. लंकाचं पोलकं शिवायला आलं होतं. चांगुणानं बाह्या बोटभर घट्ट शिवल्या. तरी जीव थंड होईना. घंटा लंकाच मुद्दाम वाजवत असणार — तिला खात्रीच वाटू लागली.

इकडं गल्ली गोरक्षला हसू लागली. घंटा वाजली तरी कुणी जागचं उठेना. शेवटी आप्पासाहेब चिडले.

"नवी कडी, नव्या पट्ट्या लावल्यात," गोरक्ष म्हणाला. "आता उगीच वाजली तर काढून नेईन. परत कुनाच्या दाराला बसवनार न्हाई."

"मग बस इथंच. बघू किती वेळ गप राहते."

चांगुणा मागच्या बोळात उभी राहून ऐकत होती. दार नुसतं लोटलेलं होतं. फळ्यांच्या फटीतून तिला दिसलं — लंका ग्लास पुढं करतेय, आणि गोरक्ष हसून तो घेतोय. आपण काय करतोय हे कळायच्या आत तिनं दार ढकललं.

घंटा कर्कश वाजली.

"वाजली ना? काढ ती," आप्पासाहेब म्हणाले.

गोरक्ष पान्हा घेऊन उठला. त्याचा उतरलेला चेहरा चांगुणानं पाहिला. बोळातून निसटायला वाट मोकळी होती. ती आत गेली.

"आप्पा, घंटा खोटी वाजली न्हाई. दार मी ढकललं."

"तू? का गं?"

"हे इथं सरबत पीत बसल्याले..." तिनं ग्लासाकडं पाहिलं. "मला बघवलं न्हाई."

लंकानं पदर तोंडाला लावला. आप्पासाहेबांनी आधी चांगुणाकडं पाहिलं, मग गोरक्षकडं.

"मग बरोबरच वाजली म्हनायची," ते म्हणाले. "राहू दे तिथंच."

चांगुणा मान खाली घालून बाहेर पडली. गोरक्ष मागोमाग आला.

"ओट्यावर का येईना झालात?" तिनं वळून न बघता विचारलं.

"तिथं सरबत घेतल्यावर तुमच्याकडं पानी कोनत्या तोंडानं मागू? निमित्तच संपलं."

"निमित्त लागत हुतं व्हय?"

तो थांबला. "उद्या आईला घेऊन येतो तुमच्या घरी."

"काय सांगनार येऊन?"

"आत तुमी जे सांगितलं तेच... माझ्या बाजूनं."

घर येईपर्यंत चांगुणानं त्याच्याकडं पाहिलं नाही. उंबऱ्यावर मात्र ती थांबली.

"सकाळीच या," ती हळूच म्हणाली. "बा रानात जायच्या आत."