डाव्या बाजूचा दांडा

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मिस्त्रीने गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं आणि स्वतःच्याच मोटारसायकलचा क्लच काढायला बसला. काम जगावेगळं नव्हतं. हाताची मूठ वळेनाशी झाली की हातातला क्लच पायाशी न्यायचा आणि पायातला गिअर हाताशी आणायचा, एवढंच. गिऱ्हाइकांच्या अशा दोन गाड्या त्याने आधी करून दिल्या होत्या. तिसरी आपली स्वतःची असेल असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

गेल्या साली त्याच्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून डावा हात खांद्यातून उचलला जायचा, पण बोटं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले मोजे. डॉक्टर म्हणाला, व्यायाम करा. डॉक्टरांना दुसरं काय येतं.

लेक मात्र सरळ बोलली होती. "बाबा, उद्या मला मागे बसवून बाजारापर्यंत न्या आणि परत आणा. जमलं तर गॅरेज विकायचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर आई आणि तुम्ही माझ्याकडे."

तिच्याकडे म्हणजे चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीत कुंडीसारखं बसायचं, सकाळ-संध्याकाळ कुणीतरी पाणी घालणार. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मिस्त्री म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

बायको शटरखालून वाकून आत आली, चहा ठेवला. "चमचा धरता येत नाही आणि म्हणे गिअर धरणार."

"चमच्याला न्यूट्रल नसतो," मिस्त्री म्हणाला. "जा तू."

त्याने टाकीच्या डाव्या अंगाला लोखंडी दांडा उभा केला, वर लाकडी मूठ बसवली. मूठ पकडायची गरज नव्हती. तळव्याने पुढे लोटली की गिअर चढे, मनगट अडकवून मागे ओढली की उतरे. डाव्या पायाशी जुन्या गिअरच्या जागी क्लचचं रुंद पेडल. एका हाताने आणि दातांनी केबल ताणून चार वाजता त्याने काम उरकलं.

गाडी मूळची त्याच्या थोरल्या भावाची, दादाची. एकतीस वर्षांपूर्वी बाजाराच्या वाटेवर, खाणीच्या उतारावर दादा गेला. उतार आला की गाडी न्यूट्रल करून सोडून द्यायची, पेट्रोल वाचतं, ही दादाची सवय. त्या दिवशी ब्रेकची सळई तुटली आणि गाडी गिअरमध्ये काही परत जाईना. मिस्त्री मागे बसला होता. 'मी फेकला गेलो,' असं त्याने सगळ्यांना सांगितलं. खरं तर त्याने उडी मारली होती. दादाने डावा हात मागे टाकून त्याचं मनगट धरलं होतं आणि त्याने ते हिसडून सोडवून घेतलं होतं. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नाही. महिन्याभराने खाणीतून गाडी काढली, ठोकून सरळ केली आणि तीच चालवली. लोखंडाचा काय दोष.

तर चार वाजता तो एकटाच गाडी तपासायला निघाला. लख्ख ऊन होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पहिला, दुसरा, तिसरा, गिअर लोण्यासारखे पडले. मिस्त्री खूष झाला, स्वतःशीच एक शिवी हासडली. उतार आला तसा दुसरा टाकायला त्याने पेडल दाबलं.

आणि मुठीवरची बोटं मिटली.

एकेक करून मिटली, आधी करंगळी, मग बाकीची. त्याला जाणवलं काहीच नाही, नुसतं दिसलं. नखं पांढरी पडेपर्यंत त्या हाताने मूठ आवळली आणि दांडा दोनदा ओढून न्यूट्रलमध्ये आणून ठेवला. इंजिनाचा आवाज एकदम बसला. उरलं चाकांचं सूं सूं आणि ओल्या दगडाचा वास... खाणीतल्या साचल्या पाण्याचा.

त्याने हात ओढून पाहिला. खांदा ओढला गेला, मूठ सुटली नाही. उडी मारायची तर हात गाडीलाच राहिला असता.

"दादा..." तो म्हणाला. "दादा, सोड..."

दोन्ही ब्रेक त्याने जीव खाऊन दाबले. गाडी घसरत खाणीच्या तोंडाशी, खडीच्या ढिगात रुतली. तेव्हा कुठे बोटं सैल झाली आणि पुन्हा मोज्यासारखी लोंबू लागली.

दुसरा कुणी असता तर त्याने गाडी तिथेच टाकली असती. मिस्त्री हट्टी. संध्याकाळी दिवा लावून तो विचार करत बसला, आणि मिस्त्रीसारखाच विचार केला. हात दादाचा झाला, ठीक आहे. पाय तर माझा आहे. त्याने दांड्याच्या बुडाशी पोलादी खिट्टी बसवली. पेडल पूर्ण दाबलं तरच खिट्टी उचलायची आणि दांडा हलायचा. पेडल वर असताना हत्तीने ओढला तरी नाही.

रविवारी लेक मागे बसली. मिस्त्रीने अंगणातच दुसरा टाकला, क्लच अलगद सोडला आणि पाय पेडलवरून उचलून हवेत धरला. जाऊन येईपर्यंत तो खाली टेकवायचा नाही, गाडी थांबवायचीही नाही.

उतारावर बोटं मिटलीच. दांडा मागे ओढला गेला. टक. खिट्टीने धरला. पुन्हा, टक... टक... दारावर कुणी सबुरीने थाप मारावी तसं. मिस्त्रीची मांडी थरथरायला लागली, पण पाय त्याने हवेतून खाली येऊ दिला नाही.

"बाबा, दुसऱ्यावर किती रेटाल? गाडी रडतेय."

"रडू दे."

बाजाराच्या चौकाला वळसा घालून तो न थांबता तसाच परत आला. लेक उतरली, हसली. "हरले मी. गॅरेज तुमचं. पण आता दर रविवारी मलाच मागे न्यायचं हं, कबूल?"

बायको बघत होती, लेक बघत होती. नाही कसं म्हणणार? आणि का म्हणून विचारलं तर सांगणार काय? "कबूल," मिस्त्री म्हणाला.

सोमवारी उजाडलं तेव्हा तो केव्हाचा जागा होता. पलंगावर उताणा पडून पुढच्या रविवारचा हिशेब करत होता. पाय आपला आहे तोवर भ्यायचं कारण नाही, असं मनाला बजावत होता. बायको केर काढत पायथ्याशी आली आणि थांबली.

"अहो... कशाला रेटताय?"

"काय?"

"पाय. मघापासून बघतेय. फळी मोडेल की."

मिस्त्रीने मान उचलून पाहिलं. डाव्या पावलाने पायथ्याची फळी सावकाश, पूर्ण दाबून धरली होती. फळी बाहेर वाकली होती. बायकोने केरसुणी खाली ठेवली, दोन्ही हातांनी घोटा धरून ओढला. पाऊल तसूभर हललं नाही.

"सोडा ना आता," ती हळूच म्हणाली. "थट्टा पुरे झाली."

तिचे हात आपल्या घोट्यावर आहेत, हे मिस्त्रीला नुसतं दिसत होतं.